नावात बुरशी, प्रत्यक्षात वेगळेच

गोंदियातील तांदळाच्या गिरणीत दिवस घालवणाऱ्या गृहस्थाच्या अंगाला खाज सुटली, तर घरात कोणालाच नवल वाटत नाही. तूस, धूळ, घाम ही कारणे हाताशी असतात. औषधाच्या दुकानातून मलम येते, चट्टा फिका पडतो, महिन्याभराने पुन्हा उमटतो आणि पुन्हा तेच मलम येते. बहुतेक वेळा ते गजकर्ण किंवा इसबच असते. क्वचित मात्र तो त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग असतो.

त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे 'मायकोसिस फंगॉइडिस'. फ्रेंच वैद्य झाँ-लुई अलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचे वर्णन केले. रुग्णाच्या अंगावरील गाठी अळंब्यांसारख्या दिसत, म्हणून हे नाव पडले; बुरशीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशी त्वचेतच ठाण मांडतात आणि अतिशय सावकाश वाढतात. तो स्पर्शाने पसरत नाही.

कंबरेखालचा भाग, नितंब, मांड्या, स्तन अशा कपड्यांनी झाकलेल्या जागी हे चट्टे प्रथम येतात. तेथे ते दिसत नाहीत आणि संकोचामुळे दाखवलेही जात नाहीत. निदानाला कित्येक वर्षे लागतात त्याचे एक कारण हेच. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. भारतीय त्वचेवर, विशेषतः तरुण वयात, हा रोग पुष्कळदा फिकट डागांच्या रूपाने येतो. कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळणाऱ्या पूर्व विदर्भात असा डाग दिसताच मनात पहिली शंका त्याचीच येते, दुसरी कोडाची. मुलगी लग्नाची असेल तर डाग डॉक्टरांपासूनही लपवला जातो. कुष्ठरोगाच्या डागावर बहुधा संवेदना उणावलेली असते, या डागावर ती शाबूत असते. तरीही केवळ पाहून निर्णय देणे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञही टाळतात.

खात्री होते ती बायोप्सीने. जागा बधिर करून काही मिलिमीटर त्वचेचा तुकडा काढतात. अनेकदा दोन-तीन चट्ट्यांतून. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी त्वचेच्या वरच्या थरात शिरल्या आहेत का, हे पाहतात. सीडी-३, सीडी-४, सीडी-७, सीडी-८ या खुणांसाठी विशेष रंजन होते. गरज भासल्यास त्या पेशी एकाच मूळ पेशीची संतती आहेत काय, याची जनुकीय चाचणीही करतात. प्रारंभी चित्र इसबासारखेच दिसते, म्हणून पहिला अहवाल 'निश्चित नाही' असा आला तर डॉक्टरांवर रागावू नये. चट्टे टिकून राहिले, तर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. स्टेरॉइडयुक्त मलम नुकतेच लावलेले असेल, तर रोगाची खूणच पुसट होते. बायोप्सीपूर्वी ते काही आठवडे बंद ठेवण्यास सांगतात. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या नळीची ही खरी किंमत.

पुराणातील सनत्कुमार चक्रवर्तींनी देहव्याधी समभावाने सोसली, औषध नाकारले. ती विरक्त मुनीची साधना होती. गृहस्थाने तिचा दाखला देऊन तपासणी टाळणे योग्य नव्हे. विशेषतः या रोगात, कारण चट्टे शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी भागावर असताना निदान झाले, तर आयुर्मान बहुधा इतरांइतकेच राहते. त्या अवस्थेत देखरेखीखाली लावायची मलमे आणि आठवड्यातून दोन-तीनदा अतिनील किरणांचा उपचार एवढ्यावर बहुधा भागते. दोन्ही बाह्य उपचार असल्याने चौविहाराच्या नियमालाही बाधा येत नाही.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी तेथे होऊ शकते. पुढील मतासाठी नागपूर वा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठायचे झाल्यास केवळ अहवालाचा कागद नेऊन भागत नाही. प्रयोगशाळेत जपलेला मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. नवे रंजन त्याच ठोकळ्यातून करता येते आणि बऱ्याचदा रुग्णाची दुसरी बायोप्सी वाचते.