उन्हाळ्यात आठनंतर वर सोडू नका

रायगडचे जिल्हाधिकारी, वन विभागाचे अधिकारी आणि मुंबई-पुण्याहून आमच्या भागात ट्रेक आणणारे सर्व आयोजक यांना पनवेलजवळच्या पळस्प्याहून हे पत्र.

रविवारी सकाळी पाठीवर सॅक लावलेली पोरं पळस्पे फाट्यावरून कुठे चालली आहेत, हे गाडी कुठे वळते त्यावरून आम्हाला कळतं. गोव्याच्या रस्त्याला लागली तर शिरढोणवरून कर्नाळा. जुन्या पुणे रस्त्याने पुढे गेली तर शेडुंगहून ठाकूरवाडी, म्हणजे प्रबळगड आणि कलावंतीण. आणखी पुढे चौकला उतरणारे इर्शाळगडाचे. पावसाळ्यात आणि थंडीत ही वर्दळ पाहून बरं वाटतं. वाड्यावस्त्यांवरच्या बायकांच्या हाताला चार पैसे मिळतात, शहरातल्या मुलांचे पाय मातीला लागतात. पण एप्रिल-मेमध्येही हीच वर्दळ सकाळी साडेआठ-नऊला चालू असते. माझं म्हणणं या वेळेबद्दल आहे.

नऊला ठाकूरवाडी सोडलेला गट साडेदहा-अकराला वाटेतल्या प्रबळमाचीच्या वस्तीवर पोचतो आणि बाराच्या सुमारास कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर असतो. खाली येईपर्यंत दोन-अडीच वाजतात. म्हणजे दिवसातले सगळ्यात तापलेले तास चढण्या-उतरण्यात जातात. हे वेळापत्रक डोंगराकडे बघून कोणी ठरवलेलं नसतं. सकाळची लोकल, पनवेल स्टेशनबाहेर सगळे जमेपर्यंतचा वेळ, पोहे-चहा, पायथ्याशी ओळखपरेड आणि ग्रुप फोटो, असं करत नऊ आपोआप वाजतात. डिसेंबरात ते चालून जातं, म्हणून एप्रिलमध्येही तेच छापील वेळापत्रक पाठवलं जातं. सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत टोपी आणि दोन लिटर पाणी लिहिलं की आयोजकाची उन्हाची तयारी संपली.

जिल्हाधिकारी महोदय, पाऊस सुरू झाला की आपल्या कार्यालयाकडून धबधबे, धरणं आणि धोक्याच्या जागांवर मनाई आदेश निघतात. फाट्याफाट्यावर पोलीस उभे राहतात, गाड्या परत पाठवल्या जातात. त्यावर कुरकुर होते, पण त्यामुळे जीव वाचतात याबद्दल मला शंका नाही. उन्हाळ्यात मात्र या वाटांवर उन्हासाठी आदेश तर सोडाच, साधा फलकसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. पाण्यात वाहून गेलेला माणूस सगळ्यांना दिसतो. उन्हाने कोसळलेल्या माणसाला लोक ‘चक्कर आली’ म्हणतात आणि पुढे चालू लागतात. फरक एवढाच आहे, धोक्यात नाही.

खारघर इथून वीस किलोमीटरच्या आत आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. जवळच्या केंद्रावर त्या दिवशीचं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भातला माणूस ३८ अंशांना उन्हाळाही म्हणणार नाही. आणि ही माणसं डोंगर चढत नव्हती, उघड्यावर बसलेली होती. त्यानंतर सरकारने दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर शासकीय कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं ठरवलं. मंडपाविना बसलेल्या माणसासाठी जो नियम लागतो, तो पाठीवर ओझं घेऊन दोन हजार फूट चढणाऱ्या माणसाला का लागू नये, याचं उत्तर मला कोणाकडून मिळालेलं नाही.

वाळवंटातलं ऊन आणि आमच्याकडचं ऊन यांत मोठा फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे माणसं फसतात. राजस्थानात पारा ४५ ला गेला तरी हवा कोरडी असते. घाम येतो तसा उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तिथला धोका अंगातलं पाणी नकळत संपण्याचा. पनवेलच्या हवेत समुद्राचा ओलावा असतो. इथे घाम उडत नाही, नुसता गळतो, आणि गळलेला घाम शरीराला थंड करत नाही. त्यात चढताना स्नायू जी शक्ती वापरतात तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने अंगातच राहतो. बाहेरून ऊन, आतून स्नायूंची उष्णता आणि बाहेर पडायला वाट नाही. म्हणून हवामान खातं किनारपट्टीला उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा लावतं: मैदानी भागात ४०, किनाऱ्यावर ३७ अंश, आणि त्याबरोबर सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ. कोकणात ३७ म्हणजे काही नाही असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पूर्वेचा वारा सुटला आणि समुद्राचा वारा उशिरा आत आला की पारा कुठेही जातो. याच रायगड जिल्ह्यात भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश नोंदले गेले होते, आणि तो तर मार्च महिना होता.

‘जंगलातून वाट आहे, सावली असेल’ हाही एक गैरसमज. आमचं जंगल पानगळीचं. मार्चनंतर साग आणि ऐन उघडे पडतात, वाटेवर पाचोळा आणि डोक्यावर आकाश. काळा कातळ सकाळपासून तापत असतो आणि दुपारी त्याची धग खालून अंगावर येते. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पोटात टाकी आहेत, पण उन्हाळ्यात त्यांच्या भरवशावर कोणी वर जाऊ नये. सावली म्हणाल तर तिथे खरी सावली सुळक्याचीच, आणि त्याच कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात.

आता मूळ मुद्दा. उन्हाने कोणी कोसळलं की आयोजक म्हणतात, ज्याने त्याने आपली जबाबदारी ओळखावी, आम्ही फॉर्मवर सही घेतली होती. स्वतःची जबाबदारी स्वतः घ्यावी हे मलाही मान्य आहे. डोंगरात हाच पहिला धडा शिकवला जातो. पण उन्हाच्या बाबतीत ही जबाबदारी पायथ्याशीच पार पाडावी लागते, वर गेल्यावर ती पार पाडता येत नाही. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूचं काम बिघडतं. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, ‘मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो. परत फिरायचा निर्णय ज्या बुद्धीने घ्यायचा तीच आधी जाते. अशा माणसाने स्वतःची काळजी घ्यावी असं म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणून त्याच्यासाठी निर्णय आधीच, थंड डोक्याने, घड्याळ बघून घेतलेला असला पाहिजे. तो कोणी घ्यायचा? निघण्यापूर्वी स्वतः त्याने, वाटेत लीडरने, आणि पायथ्याच्या चौकीवर सरकारने.

आयोजकहो, तुमच्यातले बरेच जण मनापासून डोंगरावर प्रेम करणारे आहेत, हे मी जाणतो. तरीही तीस-चाळीस जणांच्या बॅचमागे दोन लीडर आणि त्यांतला एक विशीतला, ही व्यवस्था उन्हाळ्यात पुरणारी नाही. २०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आहे, प्रशिक्षित माणसांची अपेक्षा आहे. नोंदणीचा कागद दाखवण्यापुरता न ठेवता लीडरला उष्माघात ओळखायला शिकवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत काढून टाका. चालण्याच्या श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. वागण्या-बोलण्यात फरक पडला की ती आणीबाणी समजा. सावलीत न्या, जादाचे कपडे काढा, असेल ते पाणी अंगावर ओता, मान, काख, जांघा भिजवा, वारा घाला. आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन करायला एकाला रेंज मिळेल तिथे पळवा, पण बाकीच्यांनी ओतणं थांबवू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काहीच उपयोगाची नाही. आणि नुसतं पाणी लिटरभर एकदम पाजू नका, मीठही गेलेलं असतं. ओआरएसची पाकिटं सॅकमध्ये काही जड होत नाहीत. तीही नसली तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आदल्या रात्री माचीवर तंबूत दारू पिऊन सकाळी उशिरा चढणारे गट आम्ही पाहतो. दारूने अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. असा गट वर नेणारा लीडर माझ्या मते लीडर नव्हे.

यात आणखी एका माणसाचा विचार कोणी करत नाही. वर कोणी कोसळलं की धावतात ती ठाकूरवाडीची आणि माचीवरची पोरं. काठ्यांना चादर बांधून, त्याच उन्हात, त्याच वाटेने ती परक्या माणसाला खाली आणतात. खोपोलीचे यशवंती हायकर्स किंवा ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या संस्थेचे लोक हातातलं काम टाकून येतात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी वाटेतच गेले. तिथे संकट निसर्गाने आणलं होतं, जाणं भाग होतं. रविवारच्या हौसेसाठी दुपारी चढलेल्याकरता दुसऱ्याने जीव धोक्यात घालावा, असं आपण गृहीत धरतो ते कशाच्या जोरावर?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात फिनिक्स शहराला हाच प्रश्न पडला. शहरालगत कॅमलबॅक नावाचा डोंगर आहे, लोक तिथे बाराही महिने चढतात. सुटकेला जाणाऱ्या अग्निशमन जवानांचीच प्रकृती उन्हाने बिघडू लागली, तेव्हा २०२१ पासून अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी तिथल्या वाटा ठरावीक तासांसाठी बंद होऊ लागल्या. पुढे ती वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५ अशी वाढवली. व्यक्तिस्वातंत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जपणारा तो देश, तिथे हे लोकांनी मान्य केलं. आपल्याकडे अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावली आणि २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा केला. तो धडा शहरांपुरता राहिला, डोंगरवाटांपर्यंत आलेला नाही.

तेव्हा वन विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना माझी मागणी साधी आहे. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत, हवामान खात्याने रायगडला उष्णतेचा इशारा दिलेल्या दिवशी सकाळी आठनंतर कर्नाळा, प्रबळगड, कलावंतीण आणि इर्शाळगडाच्या वाटांवर कोणाला वर सोडू नये. कर्नाळ्याला तिकीटखिडकी आहे, तिथे हे उद्यापासूनही करता येईल. ठाकूरवाडीत वाडीतल्याच तरुणांना हंगामी मानधन देऊन चौकी बसवावी, ते प्रत्येक वाट आणि आडवाट ओळखतात. त्या दिवशीचं तापमान आणि परत फिरायची वेळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिणारा एक फळा, ओआरएस, पाण्याचं पिंप आणि एक स्ट्रेचर, एवढं सामान पुरे. यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही. गोव्याच्या रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्यासाठी आम्ही किती वर्षं थांबलो हे आपण जाणता. फळ्यासाठी तेवढं थांबायची वेळ येऊ नये.

बंदी हा उपाय नव्हे असं काही ज्येष्ठ गिर्यारोहक म्हणतील. त्यांचा आक्षेप मी समजू शकतो, कारण बंदी एकदा आली की ती उठत नाही आणि तपासनिसांच्या हातात चिरीमिरीचं साधन होते. म्हणूनच मी डोंगर बंद करा म्हणत नाही, वेळ बांधा म्हणतो. पहाटे पाचला टॉर्च घेऊन निघणाऱ्याला कोणी अडवू नये. तो अकराच्या आत खाली येऊन माचीवरच्या काकूंकडे कोकम सरबत पीत बसलेला असेल.

आणि वर जाणाऱ्या मुलामुलींनो, दोन शब्द तुमच्यासाठी. आठवडाभर एसीत बसलेलं शरीर एका रविवारात उन्हाला सरावत नाही, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा सर्दीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून निघा. जोडीदार ठरवून चाला आणि एकमेकाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा. आयोजकाने नऊला पायथा सोडायचा बेत दिला असेल तर पैसे बुडाले तरी चालतील, जाऊ नका. कलावंतीण नोव्हेंबरातही तिथेच असते.

जिल्हाधिकारी महोदय, पावसाळ्याचा आदेश तुमच्या कार्यालयात दरवर्षी तयार होतो. उन्हाळ्याचा आदेश फेब्रुवारी संपण्याआधी काढा. आयोजकांनी त्या आदेशाची वाट पाहू नये, येत्या मार्चपासून आपापल्या जाहिरातीत पायथा सोडायची वेळ पहाटे साडेपाच छापावी.

आपला,
पळस्पे येथील एक रहिवासी