किंमत कोणी मोजावयाची?

भ्रष्टाचाराचा विषय निघाला की ‘आपली माणसेच तशी’ असा निकाल देऊन मोकळे होण्याची सवय आपल्या सुशिक्षितांस जडली आहे. हा निकाल कितपत खरा आहे?

मेलबर्न, दिल्ली, जकार्ता व सिंगापूर येथे चार अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या पैशांच्या या खेळात एकाने लाच देऊ करावयाची, दुसऱ्याने अधिकारी या नात्याने ती घ्यावयाची वा नाकारावयाची, आणि तिसऱ्या, नाडल्या गेलेल्या नागरिकाने वाटल्यास पदरमोड करून दोघांस दंड करावयाचा. दंडाने त्याचे स्वतःचे नुकसान भरून निघत नसे. निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. लाच देण्याघेण्याच्या प्रवृत्तीत देशादेशांत जेवढा फरक आढळला, त्याहून अधिक तो शासन करण्याच्या तयारीत आढळला. भारतीय ऑस्ट्रेलियनांहून अधिक सोशिक ठरले. इंडोनेशियातील लोक मात्र ऑस्ट्रेलियनांसारखेच वागले. आणि ज्याच्या स्वच्छ कारभाराचे गोडवे गाइले जातात, त्या सिंगापूरचे लोक लाचेच्या व्यवहारात ऑस्ट्रेलियनांच्या पुढे निघाले! ऑक्सफर्डमधील अशाच एका प्रयोगात पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या वर्तनावर मायदेशातील भ्रष्टाचाराची छाया दिसली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत ती दिसली नाही. सारांश, असे खेळ म्हणजे राष्ट्राची जन्मपत्रिका नव्हे.

तथापि आपल्या सोशिकपणाचे कारण शोधलेच पाहिजे. प्रयोगशाळेत दंड करणाऱ्यास चार पैसे पडतात. बाहेर प्राणाचे मोल पडू शकते. जमीनव्यवहारांतील गैरप्रकार माहितीच्या अधिकाराने उघड करणारे सतीश शेट्टी यांचा २०१० साली तळेगावात खून झाला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला ती देणे भाग पडले, त्याने सात दिवसांत तक्रार केली तरच त्याची सुटका. म्हणजे सरकार नागरिकापाशी धैर्य मागते. परंतु गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, तो दहा वर्षे उलटली तरी अंमलात आला नव्हता!

अन्यायाविरुद्ध उभे राहणे इतके महाग ठेवावयाचे आणि वर जनतेच्या निष्क्रियतेबद्दल हळहळावयाचे, हा न्याय अजब आहे. शासनाने तक्रारदारास अभय द्यावे. आणि ते मिळेपर्यंत, जो एकटा उभा राहील त्याच्या पाठीशी शेजाऱ्यांनी, सहकाऱ्यांनी उभे राहावे. किंमत वाटून घेतली तर ती पेलते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.