एंजिनाचा वाढीव जोर येतो कोठून?

मोटारी जेथें तयार होतात, त्या शहरांतील मुलांस मोटारीचें वेड असावें यांत नवल नाहीं. आपल्या छत्रपति संभाजीनगराजवळ वाळूज येथें बजाजचा कारखाना सन १९८५ पासून चालू आहे. शेंद्रा येथें सन २००१ मध्यें स्कोडाच्या ऑक्टाव्हिया मोटारीची जोडणी सुरू झाली, व सन २०१७ मध्यें २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आर. एस. हीही तेथूनच बाहेर पडली. ऑक्टाव्हियाची जोडणी आतां थांबली आहे. परंतु तिच्या जुन्या गाड्या तरुण मंडळी हौसेनें विकत घेतात, आणि घेतल्यावर पहिला प्रश्न असा विचारतात कीं, कारखान्यानें दिलेला जोर पुरेसा कां मानावा? मोठे इंजेक्टर बसवावे, एंजिनाच्या संगणकांतील आज्ञावली बदलून घ्यावी, म्हणजे त्याच एंजिनांतून अधिक शक्ति मिळते, असें त्यांस सांगण्यांत येतें. हें सांगणें खोटें नाहीं. तें अपुरें मात्र आहे. ही वाढीव शक्ति येते कोठून, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं विचारला पाहिजे, असें आमचें मत आहे.

इंजेक्टर म्हणजे इंधनाचा बारीक फवारा सोडणारी तोटी. चार धावांचें पेट्रोल एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां प्रत्येक सिलिंडरांत सेकंदास २५ वेळां इंधन सोडावें लागतें. तोटी किती वेळ उघडी ठेवावी हें संगणक ठरवितो. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते, आणि धुराच्या नळींतील प्राणवायु मोजणारें उपकरण हें प्रमाण संगणकास वारंवार कळवितें. म्हणून नुसता मोठा इंजेक्टर बसविल्यास दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर संगणक तोटी लवकर मिटून पूर्वींचेंच माप कायम ठेवतो. नाहीं तर न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या आंतील वंगण धुऊन काढतें आणि धूर शुद्ध करणारें उपकरण तापवून निकामी करतें. शक्ति इंधनांत असते खरी, पण तिची मर्यादा हवा ठरविते. टर्बो बसविलेल्या एंजिनांत आज्ञावली बदलून अधिक हवा कोंबतां येते. मोठ्या इंजेक्टरचा उपयोग होतो तो अशा वेळीं.

आपली पाणचक्कीच पाहा. दूरच्या डोंगरांतून नहरीनें आलेलें पाणी वरून पडतें, त्यानें खालचें चक्र फिरतें व चक्राबरोबर जात्याची तळी फिरते. पाणी पडण्याचें तोंड रुंद केल्यानें पीठ अधिक पडणार नाहीं. नहरींतूनच अधिक पाणी आलें पाहिजे. आणि तें आलें तर चक्र, आंस व जातें यांस तो जोर सोसला पाहिजे.

एंजिनाचेंही असेंच आहे. कारखान्यांतील अभियंते त्यास शेवटच्या मर्यादेपर्यंत राबवीत नाहींत. मराठवाड्यांत वैशाखांत पारा ४० अंशांवर चढतो. कोठें हलकें पेट्रोल पदरीं पडतें. कोणी तेल बदलण्यास विसरतो. अशा वाईट दिवसासाठीं ते कांहीं ताकद राखून ठेवतात. आज्ञावली बदलणारा कारागीर बहुधा हीच शिल्लक काढून हातीं देतो. शेतकऱ्यानें बियाण्याचें धान्य दळून खाल्लें तर त्या दिवशीं भाकरी अधिक होतील, परंतु पेरणीस काय उरेल? शिल्लक संपलेल्या एंजिनांत उष्ण दिवशीं मिश्रण अवेळीं भडकतें, दट्ट्यावर ठोके बसतात, आणि एखादे दिवशीं दट्ट्याच फुटतो. क्लच व गिअर यांवरही तोच अधिक भार पडतो. शिवाय वेग ताशीं ८० किलोमीटरांवरून १२० वर नेला तर गाडींतील ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. ब्रेक मात्र पूर्वींचेच राहतात. जालना रस्ता ओलांडणाऱ्या मनुष्यास हें गणित कोणी सांगितलेलें नसतें.

दुसरी शिल्लक सर्वांच्या श्वासाची आहे. डिझेल एंजिनांत हवेच्या मानानें इंधन अधिक झालें कीं काळा धूर निघतो. संगणकाची आज्ञावली किती अनर्थ करूं शकते हें सन २०१५ मध्यें जगानें पाहिलें. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्या परीक्षेची वेळ ओळखून तेवढ्यापुरत्या शुद्ध होत व रस्त्यावर अधिक विषारी वायु सोडीत, असें अमेरिकेंत उघडकीस आलें. भारतांतही त्या समूहाच्या सुमारें ३ लक्ष २३ हजार गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचें त्याच वर्षीं जाहीर झालें. त्यांत स्कोडाही होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीस जें क्षम्य ठरलें नाहीं, तें गल्लींतील गॅरेजांत केल्यानें क्षम्य कसें ठरेल?

कायदाही येथें मुग्ध नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें कारखान्यानें नमूद केलेल्या तपशिलापासून गाडी भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई आहे. सन २०१९ च्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागें मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

कोणी म्हणेल, अशा उपदेशानें मुलांची जिज्ञासा मारली जाईल. आमचें म्हणणें उलट आहे. एंजिनाचा जोर वाढविणें ही एक विद्या आहे, आणि विद्येस योग्य स्थळ लागतें. कोइमतूरजवळ 'कारी' नांवाचा शर्यतीचा मार्ग आहे, तेथें वेग शोभतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'बाहा' स्पर्धेसाठीं स्वतः गाडी बांधतात. या स्पर्धेची मूळ कल्पनाच अशी कीं, सर्वांस एकाच जातीचें एंजिन मिळावें व त्यांत फेरफार करूं नये. मग चढाओढ उरते ती सांगाड्याचें वजन, चाकांची बैठक व बुद्धि यांची. नाशिक येथें बॉशच्या कारखान्यांत डिझेलचे इंजेक्टर तयार होतात. अशा इंजेक्टरचीं छिद्रें मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास असतात. पुण्यास सन १९६६ पासून वाहनांची संशोधन संस्था आहे. नाशिक व पुणें हीं ठिकाणें आपणांपासून फार दूर नाहींत, व तेथें पोंचण्याची वाट पदार्थविज्ञान आणि गणित यांच्या तासांतून जाते.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें असा खर्च मागितला तर त्यास एकदम नकार देऊं नये. वाढीव हवा कोठून येईल, उष्णता कोठें जाईल आणि गाडी थांबेल कशी, या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यास लिहून आणावयास सांगावें. उत्तरें शोधतांना तो बरेंच शिकेल. तोंवर त्याच पैशांत इंजेक्टर साफ करून घ्यावे, हवेची जाळी व प्लग बदलावे, टायर व ब्रेक तपासावे. जुन्या गाडीचा हरवलेला जोर यानें पुष्कळदां परत येतो. आणि तो कोणाच्या वांट्यांतून काढून घेतलेला नसतो.