उंचीचा आकडा आणि त्याशेजारचा मजकूर

मॉडेल रॉकेट म्हणजे कागदी नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख आणि बंदुकीच्या दारूने भरलेले बोटाएवढे तयार इंजिन यांच्या जोरावर उडणारा छोटा अग्निबाण. आणि असे सुटे भाग पेटीत घालून विकणाऱ्यांच्या सूचिपत्रात दोन भाषा एकाच पानावर नांदतात, एक अभियंत्याची, दुसरी विक्रेत्याची. व्हर्नन एस्टिस यांनी १९५८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात स्थापन केलेल्या आणि पुढे तेथीलच पेनरोझ गावी स्थिरावलेल्या कंपनीची सूचिपत्रे या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत.

अभियंत्याची भाषा त्रोटक असते: लांबी, व्यास, वजन, रॉकेट पॅराशूटने उतरणार की कागदी पट्टीने, आणि चालणारी इंजिने. यांपैकी इंजिनाचे नाव हे एक आखूड सूत्रच होय. ‘सी६-५’ यातील अक्षर एकूण आवेगाचा, म्हणजे जोर आणि तो टिकण्याचा काळ यांच्या गुणाकाराचा, गट सांगते आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला त्याची कमाल मर्यादा दुप्पट होते (‘बी’ची ५, ‘सी’ची १० न्यूटन-सेकंद), सहा हा न्यूटनमधील सरासरी जोर, तर पाच म्हणजे जोर संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. सूत्र उलगडता आले की शेजारच्या विशेषणांची फारशी गरज उरत नाही, पण नवख्या ग्राहकाला ते उलगडत नाही आणि तो उंचीचा आकडाच पाहतो.

हा आकडा खोटा नसतो. मात्र तो कमाल असतो, म्हणजे शिफारस केलेल्यांपैकी सर्वांत जोरकस इंजिन घालून अनुकूल हवेत मिळणारा. ‘अल्फा’ या जेमतेम फूटभर लांबीच्या रॉकेटसाठी तो सुमारे १,००० फूट, तर ‘बिग बर्था’ या दोन फुटी, जाडजूड रॉकेटसाठी सुमारे ५०० फूट दिला जातो, कारण रुंद नळीला हवेचा रोध अधिक आणि वजनही जास्त. विक्रेत्याची खरी कसोटी येथे लागते. निम्मी उंची लपवण्याऐवजी बर्थाच्या वर्णनात तिच्या संथ, डौलदार उड्डाणावर भर दिला जातो, आणि गंमत अशी की ही मखलाशी नव्हे: हलके रॉकेट निमिषार्धात दिसेनासे होते, बर्था मात्र डोळ्यांना पुरते.

जुळणीच्या अवघडपणाची श्रेणीही सूचिपत्रात असते. तीत पंख घासून गुळगुळीत करणे, सरळ चिकटवणे आणि रंगवणे हे ग्राहकाचेच श्रम मोजलेले असतात, आणि अनुभवी छांदिष्ट वरची श्रेणी अभिमानाने निवडतो.

मैदानाचा आकार मात्र उंचीएवढ्या ठळक अक्षरांत येत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय रॉकेट संघटनेच्या सुरक्षा-संहितेनुसार ‘सी’ गटाच्या इंजिनासाठी मैदानाची लहान बाजू किमान ४०० फूट असावी लागते. हजार फुटांवरून वाऱ्यावर तरंगत उतरणाऱ्या अल्फाला तेवढीही अनेकदा अपुरी पडते.