पेटी सरकारची, विष कंपनीचे, दोष शेतकऱ्याचा!



शिवरात्र झाली की थंडी पळते. मग हर्सूलच्या तलावाच्या वरच्या अंगाला ठेवलेल्या मधपेट्या आम्ही उघडून पाहतो. ऊन तापल्यावरच झाकण काढायचे. राणी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असे नाही. घराघरांत एकेक अंडे दिसले की राणी जागेवर आहे. पिलावा किती, मध किती, मेणकिड्याची जाळी लागली का, एवढे पाहायचे. थंडीत आक्रसलेली वसाहत या दिवसांत करडई, कोथिंबीर आणि शेवग्यावर वाढते.

यंदा दहा पेट्या उघडल्या. चारांत माशी होती. सहांच्या दारात मेलेल्या माशांचा ढीग, जिभा बाहेर आलेल्या. आत मध शिल्लक होता, म्हणजे उपासमार झाली नव्हती. दोन दिवस आधी शेजारच्या कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटवर ऐन फुलोऱ्यात, सकाळच्या उन्हात, फुलकिड्यांसाठी फवारणी झाली होती.

शेजाऱ्याशी आम्ही भांडलो नाही. त्याने दुकानदाराला विचारले, दुकानदाराने बाटली दिली. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण सांगतो तो माणसाला आणि जनावराला असलेला धोका. माशीचा हिशेब त्या रंगात नाही. आणि नुकसान त्याचेही झाले. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो, बीजांड धरायची वेळ नंतर येते. दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारा कोणी नसेल, तर गोंडे पोकळ राहतात.

कोणी म्हणेल, आम्ही कोरडवाहूवाले, आम्हाला माशीचे काय? कपाशीचा पराग जड आणि चिकट, वारा तो नेत नाही. बोंड आपले आपण धरते हे खरे, पण माशी फिरली तर ते जास्त भरते. करडईला आणि तुरीलाही तिचा हात लागतो. ज्वारीचे परागीभवन वाऱ्यावर होते. ज्वारीला माशी लागत नाही, पण माशीला ज्वारी लागते. भल्या सकाळी कणसावर परागासाठी तिची झुंबड असते. म्हणजे तिला पोसतो आपण आणि मारायलाही लावले जाते आपल्यालाच.

आता वरचा कारभार पाहा. २०२० मध्ये मधमाशीपालनासाठी ५०० कोटींची योजना जाहीर झाली. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर 'मधाचे गाव' झाले. चांगलेच झाले. पण युरोपने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन विषांना उघड्या शेतात बंदी घातली, ती माशीसाठी. आपल्याकडे त्याच इमिडाक्लोप्रिडचा लेप लावलेले कपाशीचे बियाणे पाकिटातून येते. २००२ मध्ये बीटी आली तेव्हा फवारे कमी होतील असे सांगितले होते. बीटी बोंडअळीसाठी होती. मावा, तुडतुडे, पांढरी माशी राहिलीच. पुढे गुलाबी बोंडअळीही परतली. फवारे कोणाच्या खिशातून गेले?

आणि परिसंवादात भाषण काय? शेतकरी अडाणी, बेसुमार फवारतो! हे आम्ही मान खाली घालून ऐकतो, कारण शेतकीची पदवी घेऊन गावोगाव फवारणीचे वेळापत्रक सांगत आम्हीही फिरलो आहोत. त्या वेळापत्रकात किडीचे नाव होते, औषधाचे प्रमाण होते. माशी कोणत्या वेळी फुलावर असते, हे नव्हते. अडाणी कोण ठरले?

आमच्या सहा पेट्यांचा पंचनामा करायला कोणी आले नाही. बैल दगावला तर चार माणसे विचारतात. माशी मेली तर केरसुणीने लोटायची.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव घ्या. बाटलीवर माशीचा धोका मराठीत, ठळक अक्षरांत छापा. विषाने मेलेल्या पेट्यांचा पंचनामा करा आणि भरपाई द्या. बीजोत्पादनाचा करार करणाऱ्या कंपनीने पेट्यांचे भाडे स्वतः भरावे. बियाणे तिचे, मग परागीभवनाचा खर्च आपला का?

आणि आपल्या हातातले आजपासून करा. फुलोऱ्यात फवारणी टाळा. टळत नसेल तर दिवस मावळल्यावर करा आणि पेटीवाल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. ठराव मंजूर व्हायला वर्षे लागतील. शेजाऱ्याला हाक मारायला बांध ओलांडावा लागतो, एवढेच.