पाख्याखालचं राजेशाही बाथरूम

कागदावर 12 बाय 16 ची खोली काढायला पट्टी, पेन्सिल आणि खोटं बोलायची तयारी एवढंच लागतं. सपाट स्लॅबखाली ते खोटं खपून जातं. कौलांच्या उतरत्या पाख्याखाली मात्र पहिल्याच सकाळी ते कपाळावर टेंगूळ होऊन उगवतं.

देवास जिल्ह्यातलं पीपलरावां हे नगर परिषदेचं छोटं गाव. तिथल्या आमच्या एका भाऊबंदांनी जुन्या घराच्या माळ्यावर असंच एक राजेशाही बाथरूम करून घेतलं. लसूण आणि गहू ठेवायचा माळा रिकामा पडला होता, सोयाबीनचे चार पैसे हाताशी होते आणि वहिनींना कुठल्याशा रिसॉर्टचा फोटो आवडला होता. शहरातून एक डिझायनर आला. त्याने नकाशात टब, काचेची शॉवर केबिन, दोन बेसिनं आणि कमोड असं सगळं ऐसपैस बसवलं. 'अरे, नहाना है तो ढंग से नहाओ,' असं दादा सगळ्यांना ऐकवत होते. नकाशात फक्त उंची नव्हती. छेद काढावा असं कोणाच्या डोक्यात आलंच नाही. त्या डोक्यांचं पुढे काय व्हायचं होतं, ते त्यामुळेच झालं.

हिशेब शाळकरी पोराला जमेल असा आहे. वळचणीकडची भिंत 4 फूट, आतली 10 फूट, मधलं अंतर 12 फूट. म्हणजे दर फुटाला छत 6 इंच चढतं. राष्ट्रीय इमारत संहिता न्हाणीघराला किमान 2.1 मीटर, म्हणजे जवळजवळ 7 फूट उंची मागते आणि ती छताच्या सर्वांत खालच्या जागी मोजायला सांगते. आपण उदार होऊन फक्त माणूस उभा राहतो तिथेच मोजू. 7 फूट मिळतात ते बुटक्या भिंतीपासून 6 फुटांवर. अर्धी खोली तिथेच गेली.

उरलेली अर्धी तरी हाती लागली का? नाही. कमोड एका टोकाला, सांडपाण्याचा उभा पाइप दुसऱ्या टोकाला. 4 इंची आडव्या पाइपाला 40 फुटांत 1 फूट ढाळ धरला, तर 16 फुटांत जवळजवळ 5 इंच खाली जावं लागतं. त्यात पाइपाची स्वतःची जाडी मिळवा. स्लॅब असता तर खड्डा ठेवता आला असता. माळ्याच्या लाकडी तुळयांत तो कुठून ठेवणार? मग सगळी जमीनच 9 इंच उचलली. छत जागच्या जागी, जमीन वर. 9 इंच म्हणजे उताराच्या दिशेने आणखी दीड फूट गेलं. आता 12 फुटांतले साडेचार फूट ताठ मानेच्या माणसासाठी उरले. बाकी जागा रांगणाऱ्यांची.

त्याच बाकी जागेत डिझायनरने कमोड बसवला. बसलेल्या माणसाचं डोकं सव्वाचार फुटांच्या आसपास असतं, म्हणून बसताना निभावतं. पण बसलेला माणूस कधीतरी उठतो, हे त्या विद्वानाच्या अभ्यासक्रमात नसावं. उठणारा माणूस आधी पुढे झुकतो, मग वर येतो, आणि बरोबर वाशाला भेटतो. दादांच्या कपाळावरची खूण बघून गावातल्या लोकांना ते अचानक फार धार्मिक झालेत असं वाटलं.

आरसा हा याहून मोठा विनोद. बुटक्या भिंतीला बेसिन लावलं, पण त्याच्यावर आरशाला जागा उरली नाही. मग आरसा उतरत्या छतालाच ठोकला. दाढी करायला वर बघावं तर त्यात बादली आणि स्वतःचे पाय दिसतात.

खरी मौज पाण्याची झाली. कवेलूंवर टाकी चढवता येत नाही, म्हणून ती शेजारच्या गच्चीवर ठेवली. तिचा तळ शॉवरच्या तोंडापेक्षा जेमतेम 4 फूट उंच. पाण्याची 10 मीटर उंची तेव्हा कुठे 1 बार दाब देते. 4 फुटांवर बाराशे रुपयांचा काय, बारा हजारांचा शॉवरही लघवी लागल्यासारखाच गळणार. वळचणीचं पाणी आढ्याला चढवायला निघालेल्यांनी मग प्रेशर पंप आणला. आता वीज गेली की अंगाला साबण लावलेला माणूस 'अरे, कोणी आहे का' म्हणून हाका मारतो.

आणि तो टब! एकदा भरायला दीडशे-दोनशे लिटर पाणी. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी मानकात, मलनिःसारण असलेल्या गावात, माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. ही मिजास कुठल्या जिल्ह्यात करतो आहोत? 1990 मध्ये देवास शहराला रेल्वेच्या टँकरांनी पाणी आणावं लागलं होतं. 2006 पासून याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी कूपनलिकांचा नाद आवरता घेऊन शेतात तळी खोदली आणि देशभरातून लोक ती बघायला आले. तळं खोदून शहाणे झालेल्यांच्या शेजारी बसून आपण टबात डुंबायची स्वप्नं बघायची!

वाफ तर कोणी मोजतच नाही. गरम हवा वर जाते, म्हणजे आढ्याकडे, आणि तिथेच कुजायला लाकूड असतं. पंखा उंच भिंतीच्या माथ्याशी हवा होता. पण उंच भिंत घराच्या आतल्या बाजूची, म्हणून पंखा बसवला बुटक्या भिंतीत. तो बिचारा गुडघ्यांची हवा बाहेर टाकतो. वर पीव्हीसीचं छत ठोकलंय, त्यामुळे आत काय सडतंय ते दिसत नाही. दिसेल त्या दिवशी कैचीच खाली येईल.

एवढं सगळं टाळणं अवघड होतं का? संडास-न्हाणी एकत्र करायला संहितेला किमान 2.8 चौरस मीटर पुरतात, म्हणजे 30 चौरस फूट. उंच भिंतीलगत दार, शॉवर आणि आरशासकट बेसिन एका रांगेत घ्यायचं. कमोडही सांडपाण्याच्या पाइपाच्या शेजारी आणायचा, म्हणजे जमीन उचलायची गरजच नाही. कमोडच्या मागे अर्धी भिंत उभारून तिच्यात टाकी लपवायची, म्हणजे तो बुटक्या भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे सरकतो आणि उठणाऱ्याच्या डोक्यावर साडेसहा फूट राहतात. मागच्या खोबणीत कपडे धुण्याचं यंत्र, कपाट, बादल्या. ओलं-कोरडं असं वाटून टाकायचं. एका देवासात 1728 पासून पवार राजघराण्याच्या थोरल्या-धाकट्या दोन पात्या नांदल्या, मग एका बाथरूममध्ये शॉवर आणि बेसिन नांदायला काय हरकत होती? वर दोन काचेची कौलं बसवली की दिवसा दिवा लागत नाही. हे कुठल्याही जुन्या मिस्त्रीने चहाच्या कपावर सांगितलं असतं. पण मिस्त्रीला विचारणं कमीपणाचं, आणि डिझायनरला पैसे दिलेत म्हटल्यावर त्याचं खरं मानणं भागच.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती साफसफाईची. बुटक्या कोपऱ्यातल्या फरशा घासायला कोण वाकतं? दादा नाही. डिझायनर तर नाहीच. वहिनी आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई, दोघी कंबर धरून बाहेर येतात. दादा मात्र पाहुण्यांना हौसेने वर नेतात, लाइट लावतात, टब दाखवतात. नळाला पाणी एक दिवसाआड येत असल्यामुळे तो टब आता काठोकाठ भरून ठेवलेला असतो आणि त्यातलं पाणी तांब्याने काढून अंगावर घेतात.