कार्डाच्या मागे एक वाक्य हवं

पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या खोल्या चटकन ओळखू येतात. अभ्यासाच्या टेबलावर, आरशाच्या कडेला, कधी कपाटाच्या दारावरही इंग्रजी शब्दांची कार्डं चिकटवलेली असतात. पुढे शब्द, मागे अर्थ. परदेशी उच्च शिक्षणासाठी जीआरई द्यायचं ठरलं की क्वांटची, म्हणजे गणिताच्या भागाची, फारशी चिंता कोणी करत नाही; अकरावी-बारावीतल्या सीईटी आणि जेईईच्या तयारीने तो पाया घातलेला असतो. धास्ती असते ती व्हर्बलची, म्हणजे भाषेच्या भागाची, आणि तिच्यावरचा उपायही जणू ठरलेला आहे. तीन हजार शब्दांची यादी घ्यायची, रोज पन्नास पाठ करायचे, दोन महिन्यांत यादी संपवायची.

हा उपाय ज्या परीक्षेसाठी होता, ती परीक्षा 2011 सालीच मागे पडली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ईटीएस या संस्थेने जीआरईचं रूप बदललं. विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोडीतलं नातं ओळखा, हे प्रश्न काढून टाकले. एकटा शब्द समोर ठेवून त्याचा अर्थ विचारणं बंद झालं. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली. आता व्हर्बलचे दोन भाग असतात: पहिल्यात 12 प्रश्न आणि 18 मिनिटं, दुसऱ्यात 15 प्रश्न आणि 23 मिनिटं. या 27 प्रश्नांपैकी साधारण निम्मे उताऱ्यांवरचे असतात, बाकीचे गाळलेल्या जागांचे. थोडक्यात, जे विचारायचं ते वाक्याच्या आत राहूनच विचारलं जातं. ताई-दादाच्या वेळची शब्दसूचीची पुस्तकं मात्र पुढच्या भावंडांकडे जात राहिली आणि त्यांच्याबरोबर घोकंपट्टीची सवयही.

सँक्शन हा शब्द घ्या. मुलगी परदेशी शिकायला निघाली की घरात तो रोज ऐकू येतो. ‘बँकेने लोन सँक्शन केलं का?’ म्हणजे मंजुरी दिली का. त्याच घरात सकाळी येणाऱ्या इंग्रजी पेपरात, परराष्ट्रांच्या पानावर, कुठल्या तरी देशावर सँक्शन्स लादल्याची बातमी असते. तिथे अर्थ होतो निर्बंध. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात उभे आहेत, आणि कुठला घ्यायचा ते फक्त वाक्य सांगू शकतं. कार्डाच्या मागे ‘मंजुरी’ एवढंच लिहिलेलं असेल, तर पाठांतर चोख असूनही उत्तर चुकणार.

क्वालिफाय तसाच. पात्र ठरणं हा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पण जीआरईच्या उताऱ्यात एखादी लेखिका आपलं विधान क्वालिफाय करते, तेव्हा ती त्याला मर्यादा घालत असते, ‘अमुक परिस्थितीपुरतंच हे खरं’ असं सांगत असते. क्वालिफाइड स्तुती म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. टेम्पर म्हटलं की राग आठवतो; पण मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने टेम्परिंग तर कार्यशाळेतही शिकलेलं असतं. कडक झालेलं पोलाद पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायचा. टीका टेम्पर करणं म्हणजे तिची धार अशीच थोडी उतरवणं. ज्या मुलाला पोलाद समजलं त्याला हे वाक्य अडायला नको. अडतं, कारण वर्कशॉपमधला शब्द आणि उताऱ्यातला शब्द यांची गाठ त्याला कोणी घालून दिलेली नसते.

अडचणीचे शब्द हे असे ओळखीचे असतात. अनोळखी शब्दापाशी विद्यार्थी निदान सावध होतो. ओळखीच्या शब्दापाशी तो बेफिकीर असतो.

शब्द वाक्यासकट जपायचा कसा, हे पाहायला पुणेकराला लांब जायला नको. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून अभ्यासकांनी जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या. चिठ्ठीवर शब्द असतो, आणि तो ज्या ग्रंथात ज्या ठिकाणी आला तिथला संदर्भही असतो. शब्द कुठे, कोणाच्या लिखाणात, कशाच्या शेजारी बसला होता हे आधी पाहायचं आणि अर्थ त्यातून काढायचा, अशी ही पद्धत. पहिला खंड यायला 1976 साल उजाडलं. एवढा वेळ विद्यार्थ्याकडे नसतो, हे उघड आहे. पण पद्धत उचलायला वेळ लागत नाही. त्याचं फ्लॅशकार्ड हीसुद्धा चिठ्ठीच आहे. तिच्यावर संदर्भ तेवढा नाही.

गाळलेल्या जागांचंही तेच. ‘तिची भाषा साधी असली, तरी विचार मात्र ____ आहेत.’ मराठी वाचणारा कोणीही इथे ‘गुंतागुंतीचे’, ‘अवघड’ असं काहीतरी भरेल. त्याने पर्याय पाहिलेले नाहीत, यादी पाठ केलेली नाही; त्याला ‘असली तरी’ने वाट दाखवली. जीआरईची जागाही अशीच भरायची असते. आधी पर्याय झाकून आपला शब्द मनात धरायचा, मग त्याच्या जवळचा पर्याय शोधायचा. सहा पर्यायांतून दोन निवडण्याचा जो प्रकार आहे, त्यात मुलं वाक्य न वाचताच समानार्थी जोडी शोधायला धावतात. असं करू नका, असं ईटीएस स्वतः बजावते, कारण वाक्यात न बसणारी समानार्थी जोडी तिथे मुद्दाम ठेवलेली असू शकते. आणि दोनपैकी एकच बरोबर आला तर अर्धा गुणही मिळत नाही.

उताऱ्यांसाठी कोण काय म्हणतो आणि नेमकं कुठवर म्हणतो, एवढं धरून ठेवता यायला हवं. पुण्यात याचे नमुने सव्वाशेहून अधिक वर्षांपासून पडून आहेत. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि आगरकर यांच्यात झालेला वाद घ्या. त्यावर प्रश्न विचारला, ‘टिळकांचा विरोध कशाला होता?’, तर घाईत वाचणारा उत्तर देईल, बालविवाह बंद करायला. हा अगदी अस्सल फसवा पर्याय झाला. टिळकांचा आक्षेप परक्या सरकारने कायदा करून सामाजिक चालीरीतींत हात घालण्याला होता. मुलींची लग्नं सोळाव्या वर्षाआधी करू नयेत असं लोकांनी आपणहून ठरवावं, असं त्यांनी सुचवलंही होतं. आगरकर कायद्याच्या बाजूचे. कोणाचं बरोबर, हा निराळा प्रश्न. पण दोघांमधली भेदाची रेघ नेमकी कुठे आहे हे ज्याला दोन वाक्यांत सांगता येतं, त्याला अमेरिकेतल्या दोन इतिहासकारांच्या मतभेदावरचा उताराही झेपेल. टिळकांच्या ‘केसरी’तला आणि आगरकरांच्या ‘सुधारक’मधला एकेक लेख शेजारी ठेवून हा सराव मराठीतच सुरू करता येतो.

यावर आक्षेप येतो की मराठी वाचून इंग्रजीची परीक्षा कशी सुटेल? नुसतं मराठी वाचून सुटणार नाही, हे खरंच. इंग्रजी वाचनाचा वेग इंग्रजी वाचूनच येतो, आणि काहीशे शब्द ठरवून शिकावेच लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इथे जास्त कष्ट पडतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण वादाचा धागा पकडण्याची सवय भाषेबरोबर बदलत नाही. ती एकदा लागली की दोन्हीकडे उपयोगी पडते. लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या कित्येकांचंही व्हर्बलमध्ये अडतं. ते अभ्यासाच्या पुस्तकापलीकडे इंग्रजीही वाचत नाहीत आणि मराठीही.

2020 च्या साथीनंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. परीक्षा ऐच्छिक झाली, वाचन झालं नाही. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात शोधनिबंधांचा गठ्ठा समोर येतो, आणि त्यातला कोणता दावा भक्कम, कोणता पोकळ, हे वर्गात सांगावं लागतं. त्यासाठी कोणाकडे यादी नसते.

यात कॉलेजांची जबाबदारी मोठी आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचे तास असतात. ते बायोडेटा आणि मुलाखतीच्या तयारीत जातात. त्यातला आठवड्याचा एक तास एका पानाला द्यावा. पान सगळ्यांनी मिळून वाचावं आणि लेखकाने काय म्हटलंय, काय म्हटलेलं नाही, यावर वर्गात भांडावं. याला पैसा लागत नाही. 1848 पासून चालत आलेलं पुणे नगर वाचन मंदिर याच शहरात आहे, विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. पुस्तकांची वाण नाही. त्यांच्यापर्यंत मुलांना नेणारं कोणी हवं.

जीआरईचे गुण पाच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणजे परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतही देता येते. त्याआधी दोन वर्षं रोज अर्धा तास हाताशी असतो. भिंतीवरची कार्डं काढून टाकायची गरज नाही. आज रात्री त्यातली दहा उलटा, आणि प्रत्येकाच्या मागे, अर्थाच्या खाली, तो शब्द जिथे प्रत्यक्ष वाचलात ते वाक्य लिहा. वाक्य आठवत नसेल, तर तो शब्द वाचनात सापडेपर्यंत खालची जागा कोरी ठेवा.